मिरजेचे वानलेस आणि कातडीतली शाई

सांगलीहून मिरजेला जाताना मध्ये वानलेसवाडी लागते. बसच्या पाटीवर हे नाव रोज वाचणाऱ्या अनेकांना ते एका माणसाचे आडनाव आहे याची कल्पना नसते. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकलेले डॉक्टर. १८८९ च्या अखेरीस ते भारतात आले आणि १९२८ पर्यंत मिरज परिसरात राहिले. पुण्या-मुंबईला न जाता दूरदूरचे रुग्ण ऑपरेशनसाठी मिरजेची वाट धरू लागले, त्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली.

वानलेस यांचे नाव निघते ते मोतीबिंदू, मुतखडा आणि पोटातल्या गाठींसाठी. गोंदण किंवा टॅटू काढण्याच्या गोष्टीत ते कुणी घेत नाही. पण आज सातारा-सांगलीतला एखादा तरुण लष्कर-पोलीस भरतीच्या तोंडावर हातावरचे नाव पुसायला निघतो, तेव्हा त्याला जाळणे, घासणे, कापणे आणि लेसर असे चार मार्ग सांगितले जातात. यातले पहिले तीन वानलेस यांच्या काळातही होते. त्या तिन्हींत खूण जाते ती कातडीला जखम करूनच. ती जखम कुणी केली, कशाने केली आणि भरेपर्यंत कशी सांभाळली, यावर मागे काय उरणार हे ठरते. जखमेचे हे शास्त्र या भागात रुजवणाऱ्यांत वानलेस आघाडीवर होते.

त्यांचा जन्म १८६५ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला. वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कमध्ये झाले आणि १८८९ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळात शस्त्रक्रिया बदलत होती. क्लोरोफॉर्म आणि ईथर येऊन चाळीस वर्षे झाली होती. जखम कुजते ती जंतूंमुळे, हे लिस्टर यांनी १८६७ पासून सांगायला सुरुवात केली होती आणि आता ते नव्या पिढीच्या डॉक्टरांच्या हाडीमासी मुरत होते. भाजलेल्या किंवा सोललेल्या जागेवर रुग्णाच्याच मांडीची पातळ कातडी लावण्याची थिअर्श यांची रीत १८८६ ची, म्हणजे अगदी ताजी होती.

त्याच सुमारास टॅटूच्या दुनियेतही दोन गोष्टी घडल्या. वानलेस न्यूयॉर्क सोडून गेल्यावर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, त्याच शहरातल्या सॅम्युअल ओ'रायली या गोंदणाऱ्याने विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. त्याची मूळ कल्पना एडिसन यांच्या विजेच्या लेखणीची होती. ती लेखणी खरे तर कागदाला भोके पाडून पत्रांच्या प्रती काढण्यासाठी बनवलेली. कागदाच्या जागी कातडी आली आणि गोंदणे झटपट झाले. दुसरी गोष्ट पॅरिसमधली. तिथले डॉक्टर व्हॅरिओ यांनी १८८८ मध्ये टॅटू काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. गोंदणावर टॅनिक आम्लाचा दाट द्राव लावायचा, सुयांनी पुन्हा टोचायचे आणि वर सिल्व्हर नायट्रेटची कांडी घासायची. जागा काळी पडते, खपली धरते, दोनेक आठवड्यांनी खपली पडते आणि तिच्याबरोबर गोंदणही जाते. मागे व्रण राहतो. सहाव्या शतकातला एशियस हा वैद्यही गोंदण काढण्याचे उपाय लिहून गेला आहे, आणि मीठ घासून कातडी सोलण्याची रीत त्याच्याच नावावर सांगतात. म्हणजे तेराशे वर्षांत मिठाच्या जागी चांदीचा क्षार आला, एवढीच प्रगती.

वानलेस आणि त्यांची पत्नी मेरी अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले. मेरी परिचारिका होत्या. सुरुवात सांगलीतल्या छोट्या दवाखान्याने झाली आणि थोड्याच काळात मुक्काम मिरजेला हलला. मिरजेला नुकतीच रेल्वे आली होती, हे त्यांच्या कामाच्या दृष्टीने मोठे सोयीचे ठरले. त्या वेळी आजच्यासारखे जिल्हे नव्हते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, तर वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वानलेस यांच्याकडे येणारा रुग्ण संस्थानचा आहे की सातारा जिल्ह्यातला, हा भेद दवाखान्याच्या दारात राहत नसे.

या मुलखात गोंदण सर्वत्र होते. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपके, मनगटावर तुळस, हातावर भावाचे किंवा देवाचे नाव. जत्रेत सुया घेऊन बसलेल्या बाईपुढे मुलीला धरून बसवायचे आणि ती रडली तरी सोडायचे नाही, असा रिवाज. रंग काजळीचा, त्यात एखाद्या पाल्याचा रस. गोंदण मेल्यावरही बरोबर येते, दागिने येत नाहीत, ही समजूत गावोगाव होती. ते काढायचे असते ही कल्पनाच नव्हती. नकोसे झालेले गोंदण हे मुख्यतः आजचे दुखणे आहे. तुटलेल्या प्रेमाचे, बदललेल्या पक्षाचे, भरतीच्या नियमाचे. शहरात नोकरीला लागलेल्या एखाद्या बाईला लहानपणी न विचारता टोचलेल्या हनुवटीवरच्या ठिपक्यांचेही.

काजळी जन्मभर का टिकते? कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. शाई तिथे असती तर तीही झडली असती. सुई त्याच्या खालच्या थरात, पृष्ठभागापासून एक-दोन मिलिमीटर आत शिरते. शरीर त्या शाईला शत्रू समजते आणि भक्षक पेशी तिचे कण गिळतात. पण कण मोठे असतात, पचत नाहीत, वाहूनही नेता येत नाहीत. पेशी तशाच कण पोटात धरून बसतात. त्या मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही देवाणघेवाण दाखवून दिली. म्हणजे गोंदण हे नुसते डाग नसून शरीराने वर्षानुवर्षे चालवलेला पहारा आहे. वरून चोळलेले कुठलेही मलम त्या पहाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. टॅटू घालवणारी म्हणून विकली जाणारी क्रीम एक तर काहीच करत नाहीत, नाही तर त्यांतले आम्ल कातडी भाजते.

भाजलेल्या कातडीची वानलेस यांच्या काळच्या डॉक्टरांना चांगलीच ओळख होती. त्या काळी पोटदुखी, कावीळ, सांधेदुखी यांवर तापल्या लोखंडाने डाग देणे हा गावचा सर्रास उपाय होता. बिब्याचे तेल लावून फोड आणणे हा दुसरा. मूळ रोगाला यांचा उपयोग शून्य आणि वर चिघळलेली जखम. प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, म्हणजे वानलेस निवृत्त झाले त्याच वर्षी, आणि औषध म्हणून ते मिळायला आणखी दीडेक दशक गेले. वानलेस यांची सगळी कारकीर्द प्रतिजैविकाशिवायची. पू झाला तर तो काढायचा आणि वाट पाहायची. त्यामुळे पू होऊच न देणे हाच खरा उपचार होता. हात घासून धुणे, हत्यारे उकळणे, कपडे वाफेवर निर्जंतुक करणे, कापण्यापूर्वी जागा स्वच्छ करणे. विहिरीच्या पाण्यावर आणि चुलीच्या जाळावर हे सगळे रोज, न चुकता करायचे. आज वाचताना ही कामे क्षुल्लक वाटतात, पण मिरजेला ऑपरेशन करून माणूस जिवंत घरी येतो, हा लौकिक त्यांवर उभा राहिला.

१८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. जागा संस्थानची, इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाचे रेल्वे इंजिन कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांचा. तिथे मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया झाल्या. त्यात कर्नाटकातले, कोकणातले, निजामाच्या मुलखातले लोक असत. येणारा माणूस बहुधा उशिरा येई, गावातले सगळे उपाय करून थकल्यावर.

गोंदण कापून काढणे ही त्या काळच्या शल्यकौशल्यात सहज बसणारी गोष्ट आहे आणि आजही ती जशीच्या तशी केली जाते. ठिपका किंवा दोन अक्षरांएवढी खूण असेल तर जागा इंजेक्शनने बधिर करतात, डोळ्याच्या आकाराचा तुकडा काढतात आणि कडा ओढून टाके घालतात. एका बैठकीत काम होते, शाई शंभर टक्के जाते, आणि मागे एक सरळ रेघ राहते. खूण मोठी असेल तर काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत कापतात, म्हणजे मधल्या काळात कातडी सैल होते. त्याहून मोठी असेल तर दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. ते दिसायला अनेकदा गोंदणापेक्षा वाईट दिसते, म्हणून आता क्वचितच करतात. कातडी एका जागेवरून दुसरीकडे फिरवण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे केले. त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आला आणि त्यावरून कारप्यू यांनी १८१४ मध्ये तिथे तसे ऑपरेशन केले. हात आपल्याकडे होते, पण ते घराण्यात बंद राहिले. शिकवण्याची शाळा झाली नाही.

वानलेस यांनी शाळा काढली. १८९७ मध्ये रुग्णालयाला जोडून वैद्यकीय वर्ग सुरू झाला. मिशनने चालवलेली पुरुषांसाठीची अशी शाळा भारतात त्याआधी नव्हती. शिकून निघालेली मुले ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत आणि गावांत पसरली. वानलेस यांच्या कामातली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणावी लागेल. एका माणसाने किती मोतीबिंदू काढले यापेक्षा किती माणसांना हात उकळत्या पाण्यापासून सुरुवात करायला शिकवले, हा आकडा मोठा असतो. शाळा उघडली तो काळ प्लेगचा होता. गावे रिकामी होऊन लोक रानात झोपड्या घालून राहत होते. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला.

१९०० मध्ये त्यांच्या पुढाकाराने मिरजेत कुष्ठरुग्णांसाठी निवासाची सोय झाली. गोंदणाच्या विषयाशी त्यांच्या आयुष्याचा सर्वांत जवळचा धागा इथे आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखवला होता, पण औषध नव्हते. चालमोग्राचे तेल द्यायचे, जखमा धुवायच्या, राहायला जागा द्यायची. घराबाहेर काढलेल्या माणसाला ही शेवटचीच मोठी होती. कुष्ठरोग मुख्यतः दीर्घ सहवासात, श्वासावाटे पसरतो. तरी सुईवाटे कातडीत जंतू शिरू शकतो, हे पुढे लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धात मेलबर्नमध्ये टॅटू काढून घेतलेल्या दोन अमेरिकन नौसैनिकांना काही वर्षांनी नेमका त्या टॅटूवरच कुष्ठरोगाचा चट्टा उठल्याची नोंद १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीही जत्रेतल्या गोंदणावर उठलेले असे चट्टे नोंदवले आहेत. एकच सुई, एकच शाईची वाटी आणि रांगेत बसलेल्या मुली. काविळीचे बी आणि सी हे विषाणू आणि एचआयव्ही यांनाही हीच वाट चालते.

म्हणून गोंदण काढायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी करावी. गोंदणावर किंवा कडेला फिकट, बधिर चट्टा आहे का, गाठी आल्या आहेत का, खाली एखादा तीळ झाकला गेला आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. चट्ट्याचे निदान न करता त्यावर लेसर मारला तर रोग लपतो आणि उपचार लांबतो. कुष्ठरोग आज बहुविध औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. वानलेस यांच्या निवासातल्या रुग्णांना ही औषधे मिळायला आठ दशके उशीर झाला.

वानलेस धर्मप्रचारक होते, हे झाकण्याचे कारण नाही. रुग्णालयात प्रार्थना होई, उपदेश होई. लोक मात्र मुख्यतः बरे व्हायला येत आणि बरे होऊन आपापल्या देवाला नवस फेडायला जात. मेरी यांच्या अकाली निधनानंतर त्यांनी लिलियन हॅवन्स यांच्याशी विवाह केला. मेरी यांच्या नावाचे रुग्णालय कोल्हापुरात उभे राहिले. डॉ. चार्ल्स व्हेल हे सहकारी मिळाल्यावर मिरजेचा पसारा आणखी वाढला. क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर मोकळ्या हवेत आरोग्यधाम झाले. तीच आजची वानलेसवाडी. ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले आणि १९२८ मध्ये सर ही पदवी. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेला गेले आणि मार्च १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात वारले. लिलियन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी वानलेस यांचे रुग्णालय हाताशी होते.

चौथा पर्याय त्यांच्या हयातीत फक्त कागदावर होता. वानलेस मिरजेत टाके घालत होते त्या १९१७ साली आइनस्टाईन यांनी प्रकाशाचा एक गुण गणिताने मांडला. उत्तेजित अणूला योग्य प्रकाशकण भेटला, तर तो अगदी तसाच दुसरा कण बाहेर टाकतो. लेसरचे मूळ हे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर चालवला, आणि काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो टॅटूवर मारून पाहिला. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेसर बनवला कुमार पटेल यांनी. हे मूळचे बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. कऱ्हेच्या काठावरच्या या माणसाच्या यंत्राने पुढे जगभर टॅटू जाळले गेले. पण तेही जाळणेच होते. कातडीतले पाणी तापून कातडीच वाफ होई आणि व्रण राही. व्हॅरिओ यांच्या कांडीची ती नेमकी, स्वच्छ आवृत्ती होती.

खरा फरक पडला तो १९८३ मध्ये बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांच्या सिद्धान्तानंतर. प्रकाशाचा रंग असा निवडायचा की तो शाई शोषेल, कातडी शोषणार नाही. आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा की शाईच्या कणाची उष्णता शेजारी पसरायच्या आत कण फुटेल. क्यू-स्विच्ड लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भाग टिकतो, नव्या पिको लेसरचा त्याहूनही कितीतरी कमी. कण फुटून बारीक होतात, भक्षक पेशी आता ते वाहून नेऊ शकतात, आणि लसिकावाहिन्यांतून ते हळूहळू दूर होतात. म्हणजे लेसर शाई काढत नाही, फोडून देतो. काढायचे काम शरीर करते आणि ते सावकाश करते. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर लागते आणि व्यावसायिक टॅटूला सहा ते दहा किंवा त्याहून जास्त बैठका. जत्रेतले काजळीचे गोंदण कमी शाईचे असल्याने बहुधा लवकर फिकटते. लाल रंगाला वेगळा लेसर लागतो, हिरव्या-निळ्याला वेगळा. पांढरी आणि कातडीच्या रंगाची शाई लेसरने उलट काळी पडू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत शाई जायला वेळ लागतो.

आपल्या सावळ्या कातडीचा प्रश्न वेगळाच. कातडीतला नैसर्गिक रंगही प्रकाश शोषतो. झोताचा रंग चुकला किंवा जोर जास्त झाला, तर गोंदणाच्या जागी त्याच आकाराचा पांढरा किंवा काळा डाग उरतो. नाव पुसले, पण वाचता येते, असे होते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेसर सावळ्या कातडीला सर्वांत सुरक्षित, कारण तो खोल जातो आणि वरच्या रंगाला कमी धक्का लावतो. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग या जागी व्रण वाढून केलॉइड होण्याची खोड असते. आधी कानाच्या पाळीवर किंवा लसीच्या जागी तसे झाले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचारानंतर फोड येणे, खपली धरणे नेहमीचे आहे. ती ओरबाडू नये, उन्हापासून झाकावी. ब्युटी पार्लरमधल्या यंत्रावर हे सगळे पाहायला कुणी बसलेले नसते.

घाई असते ती भरतीला निघालेल्यांना. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जिथे घरटी माणूस सैन्यात गेलेला. लष्कराच्या नियमानुसार कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, इतरत्र नाही. आदिवासी समाजातल्या पारंपरिक गोंदणाला वेगळी सवलत आहे. केंद्रीय दलांचे आणि पोलिसांचे नियम निराळे असल्याने त्या त्या वर्षीची जाहिरातच वाचावी. टॅटूवर मोठा टॅटू काढून झाकणे हा उपाय इथे कामाचा नाही. दंडावरचे नाव महिनाभरात घालवायचे म्हणून मुले अॅसिड लावतात, चुना आणि सोडा बांधून ठेवतात, इस्त्री टेकवतात. जखम चिघळते, महिनाभर धावणे बंद पडते, आणि शेवटी टॅटूऐवजी ओढलेला, जाड व्रण घेऊन मुलगा वैद्यकीय तपासणीला उभा राहतो. कोपर किंवा खांदा नीट हलत नसेल तर त्या व्रणावरही बोट ठेवले जाते.

हिशेब साधा आहे. आठ बैठका, मध्ये दोन-दोन महिने, म्हणजे सव्वा वर्ष. लहान खूण असेल तर कापून टाके घालणे हा वेळेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मार्ग. टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात आणि पूर्ण जोर देऊन व्यायाम करायला आणखी काही आठवडे जातात. बारावीत असतानाच भरतीचा विचार असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पहिली खेप बारावीतच व्हायला हवी. जाताना टॅटू कधी, कुठे आणि यंत्राने की हाताने काढला, आधी त्यावर काय काय लावून पाहिले, हे न लाजता सांगावे. अॅसिडने भाजलेल्या जागेवरचा लेसर वेगळ्या जोराने मारावा लागतो.